कर्नल घाबरला तर काय करावं?

…नाही हो, तो कर्नल नाही! मिशांचा, बुटांचा, बंदुकीचा कर्नल नाही! किती वेळा सांगू? आमच्या सासऱ्यांनी अख्ख्या बिल्डिंगमध्ये सांगून ठेवलंय, 'आमचे जावईबापू कर्नलच्या हाताखाली असतात', आणि का, तर एकदा ते आमच्याकडे आले असताना मी फोनवर ओरडत होतो, "काय? कर्नल पुन्हा पॅनिक झाला? कधी पडला? पडताना काही बोलला का?" फोन ठेवून वळतो तर सासरे समोर उभे, चेहरा एकदम गंभीर. म्हणाले, "फार लागलं का हो साहेबांना? वय काय त्यांचं?" आता काय सांगणार? मी म्हटलं, नाही बाबा, लागलं नाही, उठले लगेच. तर म्हणतात, "उठले ना? मग झालं तर!"

तुम्हाला सांगतो, हे वाक्य ऐकलं की माझं रक्त थोडंसं… उकळत नाही, माझा स्वभाव तसा नाही, पण कोमट होतं. कारण हेच वाक्य मी ऑफिसात उठताबसता ऐकतो. आमचे साहेब! मशीन बंद पडलं, आपलं आपण परत सुरू झालं, की साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणणार, "चालू झालं ना? मग झालं तर!"

झालं कसं? काय झालं? का झालं? ते कोण बघणार?

थांबा, आधी कर्नल म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्हीही मिशाच शोधत बसाल. कॉम्प्युटरच्या पोटात एक प्रोग्रॅम असतो, सगळ्यांत आधी उठतो, सगळ्यांत शेवटी झोपतो. कुणाला किती जागा द्यायची, कुणाची पाळी कधी, कुणी कशाला हात लावायचा नाही, सगळं तोच बघतो. लग्नघरात तो एक मामा नसतो का, कमरेला सगळ्या किल्ल्या? साखर पाहिजे, मामा! गाद्या कुठायत, मामा! गाडी आली, मामा! तो म्हणजे कर्नल. बाकी कुणी पडलं तर मामा त्याला उचलतो, बाजूला निजवतो, लग्न चालू. पण मामाच चक्कर येऊन पडला तर? त्याला म्हणतात पॅनिक. आणि माझी नोकरी काय, तर मामा पडला की काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं. हे मी आमच्या हिला लग्नाआधी समजावून सांगितलं होतं, तर ही म्हणाली, "म्हणजे काहीच बिघडलं नाही तर तुम्ही दिवसभर करता काय?" तरी लग्न केलं तिने. मोठं मन.

आता आमची कंपनी काय बनवते? वेळेआधी जन्मलेली बाळं काचेच्या पेटीत ठेवतात, पाहिलीयत कधी? तळहाताएवढी! झोपेतसुद्धा कपाळाला आठ्या, जणू यायची घाई केली याचा पश्चात्ताप होतोय. तर प्रत्येक पेटीला वायरी, आणि त्या सगळ्या वायरी येतात सिस्टरच्या टेबलावरच्या आमच्या मोठ्या स्क्रीनवर. एका बाळाची एक रेघ. श्वास, ठोके. एका जागी बसून अख्खा कक्ष दिसतो. मशीन कंपनीचं, आणि त्यातला कर्नल माझ्या गळ्यात.

तर हे मशीन अधूनमधून पडायचं. रोज नाही. रोज पडलं असतं तर बरं, पकडता येतं. हे आपलं मनात येईल तेव्हा! तिथल्या इन्चार्ज सिस्टर फोन करायच्या, "अहो इंजिनियर, तुमचं मशीन परत डोळे मिटून उघडलं." मी धावत जायचो. आणि बघायचो काय? काहीच नाही! कारण मशीन परत सुरू होताना आतली सगळी आठवण धुऊन टाकतं. म्हणजे बघा, घरात चोरी झाली, तर आधी झाडून घ्यायचं, मग फरशी पुसायची, उदबत्ती लावायची आणि मग पोलिसांना बोलवायचं, की या, ठसे शोधा! कुठले ठसे? मी रिकाम्या हातांनी ऑफिसात परत, आणि साहेब काय म्हणणार? तुम्हीच म्हणा. हां. "चालू झालं ना? मग झालं तर!"

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते साहेब कसले! त्यांच्या डोक्यात कल्पना आली. मला केबिनमध्ये बोलावलं. "अरे, मी काय म्हणतो, पडायचंच कशाला?"

मी म्हटलं, "साहेब, ते आपण ठरवत नाही."

"तसं नव्हे रे. आत काहीतरी चुकलं की कर्नल हाय खाऊन थांबतो, बरोबर? त्याला सांगायचं, थांबू नकोस. जेवढं मोडलंय तेवढं सोड आणि पुढे चल. आयुष्यात आपण काय करतो?"

मी म्हटलं, "साहेब, कर्नल थांबतो तो भित्रा म्हणून नाही. हिशेब लागत नाही म्हणजे त्याच्या स्वतःच्याच डोक्यात गडबड झाली, हे त्याला कळतं. तसाच पुढे गेला तर काय करून बसेल, नेम नाही. एखाद्या वेळी चालवून घेता येतं, मान्य. घरच्या कॉम्प्युटरवर कुणी पत्ते खेळत असेल तर चालू दे की. पण हे बाळांचं मशीन आहे."

तर साहेब म्हणाले, "म्हणूनच! बाळांचं मशीन बंद पडून कसं चालेल?"

बघा ना, ऐकायला किती बरोबर वाटतं! मलासुद्धा क्षणभर वाटलं. झालं, तसं केलं. आणि मशीन पडायचं थांबलं. साहेबांनी जाहिरातीत ओळ टाकली, 'कधीही न थांबणारे!' खाली हसऱ्या बाळाचा फोटो. ते बाळ चांगलं सहा महिन्यांचं गुटगुटीत होतं, ते पेटीत मावलंसुद्धा नसतं, पण जाऊ दे.

आता जरा ऐका, पुढचं मी हळू सांगतो.

एके दुपारी सिस्टर टेबलाशी बसल्या होत्या. स्क्रीनवर सगळ्या रेघा छान. वर-खाली, वर-खाली. कोपऱ्यातल्या पेटीतल्या बाळाच्या वायरी बदलायला घेतल्या होत्या, म्हणून पेटीचा भोंगा तेवढ्यापुरता गप्प केला होता. तसं करतातच, नाहीतर तो उगाच कोकलतो. वायरी परत लागल्या, भोंगा मात्र अजून गप्पच होता. सिस्टरनी स्क्रीनकडे पाहिलं, कोपऱ्यातल्या बाळाची रेघ झकास. मग त्या उठल्या, कशाला, तर दुधाची बाटली घ्यायला, आणि जाता जाता सवयीने पेटीत डोकावल्या. बाळ निळसर पडलं होतं. श्वास नाही. अशी बाळं कधीकधी श्वास घ्यायचा विसरतात हो. सिस्टरनी पेटीत हात घातला आणि त्याच्या तळपायाला टिचकी मारली. नाही. परत मारली. तेव्हा त्याने एकदा अंग आकसलं, आणि घेतला श्वास. आणि मग जे रडलं म्हणता! सिस्टर म्हणतात, इतकं गोड भोकाड मी जन्मात ऐकलं नाही.

आणि मग त्यांनी मागे वळून स्क्रीन बघितली. इकडे बाळ हातपाय झाडतंय, रडतंय, आणि स्क्रीनवर त्याची तीच शहाण्या मुलासारखी रेघ. वर-खाली. वर-खाली. तेच चित्र, पुन्हा पुन्हा!

कळलं का काय झालं? कर्नल सकाळीच आत कुठेतरी घसरला होता. आणि आम्ही सांगितलं होतं ना, थांबू नकोस, मोडलंय ते सोड आणि पुढे चल! तो गेला पुढे. जे मोडलं त्याच्याच हातात नवीन रेघ आत घ्यायची किल्ली होती. किल्लीसकट गेलं. मग नवीन काही येईना, आणि चित्र काढणारा बिचारा जुनंच गिरवत बसला. घड्याळ चालू, आवाज चालू, सगळं चालू. कधीही न थांबणारे!

बाळ ठणठणीत आहे, काळजी करू नका. पण सिस्टरचा फोन आला ना… त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मी समजू शकलो असतो. एकदम शांत आवाजात म्हणाल्या, "अहो इंजिनियर, बंद पडतं तेव्हा निदान मला कळतं तरी. आज ते माझ्याशी खोटं बोललं." आणि ठेवला.

मी फोन हातात घेऊन तसाच उभा. हिने विचारलं, "काय हो, कर्नल पडला?" म्हटलं, "नाही. पडायला पाहिजे होता."

दुसऱ्या दिवशी मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो, आणि न बसता बोललो. साहेबांनी दोनदा तोंड उघडलं, 'चालू होतं ना' एवढं अर्धं वाक्य बाहेरही आलं, पण माझा चेहरा बघून त्यांनी ते पाण्याबरोबर गिळलं. माणूस वाईट नाही. घरी नात आहे त्यांच्या. ते म्हणाले, "बरं, मग काय करायचं?"

म्हटलं, "चुकलं की थांबायचं. लगेच. पण पुसापुशी करण्याआधी आत काय झालं त्याचा फोटो काढून ठेवायचा, आणि मग परत उठायचं."

"मग काढू दे की कर्नलला फोटो."

"साहेब, तो पडलाय! ज्याचं डोकं फिरलंय त्यालाच विचारायचं, की बाबा, कुठे फिरलं ते सविस्तर लिही? आणि लिहायला लागला तर कुठे लिहील? फिरलेल्या डोक्याने डिस्कवर भलतीकडेच लिहिलं तर चांगली माहिती पण जायची!"

"मग कोण काढणार?"

"दुसरा कर्नल."

साहेबांनी चष्मा काढला. "दुसरा?"

"छोटासा. मशीनच्या आठवणीत एक कोपरा राखून ठेवायचा. त्यात हा झोपून राहील. पहिल्याने त्या कोपऱ्यात पाऊल टाकायचं नाही. पहिला पडला की शेवटचं एकच काम करेल, याला हाक मारेल. हा उठेल, याचं डोकं ताजं, कारण याने दिवसभर काही केलेलंच नाही. हा पहिल्याच्या आठवणीचा फोटो काढेल, डिस्कवर ठेवेल, मशीन नव्याने सुरू करेल. बास. बाकी कशाला हात नाही."

साहेब विचारात पडले. म्हणाले, "म्हणजे एक जण कायम नुसता झोपून राहणार, आणि त्याला जागा द्यायची?" आणि बोलताबोलता काचेतून बाहेर आमच्या टेबलांकडे असं काही बघितलं, की मी विषय बदलला.

तर झाला तयार. आता त्याची परीक्षा घ्यायला नको? आग विझवायचा बंब आणला आणि कधी चालवूनच बघितला नाही, असं कसं चालेल? पण परीक्षा घ्यायची म्हणजे कर्नल मुद्दाम पाडायचा. मी साहेबांसमोर मशीन लावलं, सांगितलं, "आता बघा, मी याला पाडतो," आणि पाडला. तुम्हाला सांगतो, साहेब खुर्चीतून अर्धे उठले! "अरे, अरे, अरे! तुला चालवायला ठेवलंय की पाडायला?" तेवढ्यात छोटा उठला, फोटो काढला, मशीन परत सुरू. साहेब खाली बसले. काय म्हणाले असतील? …नाही, या वेळी नाही म्हणाले! नुसतं "हं" म्हणाले. मी त्याला बढती मानली.

मग ते मशीन सिस्टरकडे लावलं. आणि पडलं की हो खरंच! छोटा उठला, आणि बसला फोटो काढत. किती वेळ? अहो, फोटोग्राफर नसतात का, नवरानवरीला उपाशी उभं करून, 'मान जरा इकडे, हनुवटी वर'? तसा! मशीनची अख्खी आठवण कानाकोपऱ्यासकट उतरवत बसला, आणि स्क्रीन काळी ठिक्कर. सिस्टरनी सगळ्यांना पेट्यांपाशी उभं केलं, आणि मला फोन. "तुमचं मशीन फोटो काढतंय म्हणता. लग्न आहे का त्याचं? आधी उठवा!"

आणि वर दुसरं लचांड. त्या फोटोत काय काय आलं होतं? बाळांची माहिती, आयांची नावं, आजार, सगळं! सिस्टर म्हणाल्या, "ही माहिती मी इथल्या झाडूवाल्यालासुद्धा दिसू देत नाही, आणि तुम्ही खिशात घालून नेणार?" मी ती तिथेच त्यांच्यासमोर पुसून टाकली. म्हणजे, ज्या फोटोसाठी एवढा जीव टाकला तो मीच माझ्या हाताने पुसला. रडू की हसू?

पण त्यातूनच शहाणपण आलं. छोट्याला सांगितलं, बाबा रे, सगळं नको. कर्नलचं स्वतःचं सामान तेवढं घे, तो शेवटी काय बोलला ते घे, कुठल्या वाटेने चालला होता ते घे. बाळांच्या माहितीला बोट लावू नकोस. काम चुटकीसरशी व्हायला लागलं आणि कुणाची माहितीही बाहेर जाईना.

राहिला प्रश्न, की तेवढ्या वेळात स्क्रीनवर काय दाखवायचं? साहेबांनी स्वतः मजकूर लिहून आणला. 'आपल्याला अधिक चांगली सेवा देण्यासाठी यंत्र क्षणभर विश्रांती घेत आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.' आणि बाजूला फूल! सिस्टरनी कागद वाचला. घडी घातली. परत साहेबांच्या हातात दिला. "यातलं काही नको. दोन ओळी टाका. मशीन बंद आहे. बाळांकडे बघा. आणि अक्षरं दरवाज्यातून दिसली पाहिजेत."

साहेब म्हणाले, "अहो, पण बंद आहे असं आपणच कसं लिहायचं? कंपनीचं नाव…"

"मग काय लिहायचं? चालू आहे?"

साहेबांनी कागद खिशात घातला. मी खिडकीबाहेर बघत होतो, हसू दिसायला नको म्हणून. दोन ओळी टाकल्या. फूल काढलं.

आणि मग वाट बघणं! तुम्ही कधी एखादी गोष्ट बिघडावी म्हणून देव पाण्यात ठेवलेत? मी ठेवले. फोन वाजला की आशेने उचलायचो. ही म्हणायची, "अहो, चांगलं चाललंय तर चालू दे ना, कसली वाट बघताय?" तिला काय सांगू, शत्रू घरात आहे आणि शिंकत नाहीये!

शेवटी पडला. भर दुपारी. भोंगा वाजला, दरवाज्यातून दिसतील अशी अक्षरं आली, सगळ्या सिस्टर पेट्यांपाशी गेल्या, वळून बघतात तर रेघा परत सुरू! आणि डिस्कवर माझ्यासाठी फोटो तयार. मी तो उघडला, आणि चहा तसाच गार करत वाचत बसलो. कर्नलची एक अतिशय महत्त्वाची जागा होती, पुढचं काम कुणाचं ते तिथे लिहिलेलं असतं. आणि तिथे काय लिहिलं होतं, सांगा? 'ठीक.' तेवढंच! जणू कुणी रबरी शिक्का मारून गेलंय. ठीक!

कुणाचा शिक्का? मागे मागे शोधत गेलो, तर सापडला कोण? हिरवा दिवा! साहेबांनी मशीनच्या दर्शनी पट्टीवर एक दिवा बसवून घेतला होता. त्याचं काम काय, तर आत सगळं ठीक आहे, असं लुकलुकून सांगायचं. हा दिवा दर थोड्या वेळाने प्रत्येक बाळाच्या खात्यात 'ठीक' असा शेरा मारायचा. पण बाळ बरं झालं, आईच्या कुशीत बसून घरी गेलं, पेटीची वायर काढली, की कर्नल ती जागा दुसऱ्याला देऊन टाकायचा. दिव्याला कोण सांगणार? तो आपला जुन्याच पत्त्यावर शिक्के मारतोय! बिनमहत्त्वाच्या कामाला जागा गेली असेल तर कुणाला कळायचं नाही. महत्त्वाच्या कामाला गेली, की कर्नल आडवा.

म्हणजे सगळं ठीक आहे, हे सांगणाऱ्यानेच पाडलं!

सिस्टरना सांगितलं. त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाल्या, "म्हणजे आमचं एखादं बाळ धडधाकट होऊन घरी जायचं, आणि इकडे तुमचं मशीन बेशुद्ध पडायचं?" म्हटलं, "हो." तर हसायला लागल्या. मीही हसलो. बाजूच्या सिस्टर 'शूऽऽ' म्हणाल्या, बाळं झोपली होती.

साहेबांना सांगताना मात्र मी हसलो नाही. दिवा त्यांचा लाडका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, एकदा बाहेर जाऊन मशीनसमोर उभे राहिले, दिव्याकडे बघत. म्हणाले, "काढायचा का?" मी म्हटलं, "नको साहेब, त्याला बाळ घरी गेल्याची खबर द्यायची फक्त." केलं तसं. जाहिरातीतली ती ओळ मात्र त्यांनी आपण होऊन काढली.

तेव्हापासून मशीन पडलेलं नाही. बाळं येतात, अंगाने भरतात, घरी जातात, दिवा लुकलुकतो. छोटा कोपऱ्यात गाढ झोपलाय. माझं बरं चाललंय, जेवण वेळेवर होतं.

आणि परवा सिस्टरचा फोन. मी आधी चपला शोधल्या. म्हटलं, "काय झालं सिस्टर?"

"काही नाही झालं."

"मग?"

"अहो, म्हणूनच फोन केला! इतके दिवस झाले, काहीच होत नाही. मला बाई झोप येईना. येऊन बघून जा."

गेलो. बघितलं. सगळं व्यवस्थित. तसं त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, "ते स्क्रीनवर मलाही दिसतंय. तुम्ही इथे खुर्चीत बसा, आणि जरा वेळ बाळांकडे बघा."

…आता दर आठवड्याला जातो. बसतो. बघतो. ही विचारते, "आज काय केलंत?" मी सांगतो, "बाळं मोजली." ही म्हणते, "चला, शेवटी एकदाचं काम मिळालं!"